‘बायोशॉक’ संपवणारा प्रत्येक जण ‘वुड यू काइंडली’ हे तीन शब्द का विसरत नाही?

शूटर गेम संपला की खेळाडूला काय आठवतं? एखादी भारी बंदूक, पंधरा वेळा मारून टाकणारा एखादा बॉस, फार तर शेवटचा स्फोट. पण ऑगस्ट २००७ मध्ये आलेला ‘बायोशॉक’ संपवलेल्या माणसाला विचारा. तो आधी तीन शब्द सांगेल, ‘वुड यू काइंडली’. आपल्या भाषेत, ‘जरा एवढं करशील का?’

इतक्या साध्या वाक्यात एवढं काय आहे? तेच समजून घेऊ.

(पुढे गेमचा शेवट उघड केला आहे. खेळायचा बाकी असेल तर आधी खेळून या.)

समुद्राच्या तळाशी एक शहर

साल १९६०. अटलांटिक महासागरावर एक विमान कोसळतं. जॅक नावाचा एकच प्रवासी वाचतो आणि पोहत एका दीपगृहापाशी पोचतो. आत समुद्राच्या तळाशी नेणारी एक पाणबुडीसारखी लिफ्ट असते. खाली असतं ‘रॅप्चर’ नावाचं शहर.

हे शहर वसवलंय अँड्र्यू रायन या उद्योगपतीनं. सरकार नको, धर्म नको, माणसानं फक्त स्वतःच्या फायद्याचं बघावं, हा त्याचा नियम. लेखिका आयन रँड यांच्या विचारांवरून हे सगळं घेतलंय. रँड यांच्या कादंबऱ्या मराठीतही आल्या आहेत, त्यामुळे हा विचार आपल्याकडच्या अनेक वाचकांना ओळखीचा आहे. गेम बनवणाऱ्या केन लेव्हिन यांच्या टीमनं प्रश्न विचारला, असं शहर खरंच उभं राहिलं तर?

उत्तर भीषण आहे. ‘अ‍ॅडम’ नावाच्या द्रव्यानं शरीरात हवे ते बदल करता येतात हे कळल्यावर अख्खं शहर त्याच्या नादी लागलं, यादवी माजली. जॅक पोचतो तेव्हा भिंतींतून पाणी गळतंय आणि वेडी झालेली माणसं अंधारात फिरतायत.

अशात रेडिओवर एक प्रेमळ आवाज येतो. नाव अ‍ॅटलस. तो सांगतो, जरा तो रेडिओ उचलशील का? जरा एखादी पहार शोधशील का? आणि शेवटी, जरा रायनला संपवशील का?

खेळाडू हे सगळं करतो. का नाही करणार? शूटर गेममध्ये असंच असतं. कोणीतरी कानात सांगतं, आपण तिकडे जातो.

रायनच्या ऑफिसमध्ये काय होतं?

खेळाडू पोचतो तेव्हा रायन शांतपणे गोल्फ खेळत असतो. तो जॅकला सांगतो की तुझ्या आठवणी खोट्या आहेत. तू माझाच मुलगा आहेस, प्रयोगशाळेत झपाट्यानं वाढवलेला. आणि ‘वुड यू काइंडली’ हे शब्द कानावर पडले की हुकूम पाळायचा, असं तुझ्या डोक्यात भरलेलं आहे.

मग तो स्वतःच ते शब्द वापरून जॅकला बसवतो, उठवतो, पळवतो. शेवटी गोल्फची काठी हातात देऊन स्वतःला मारायला लावतो. इथे खेळाडूच्या हातातला कंट्रोल काढून घेतलेला असतो. बटणं दाबून काही होत नाही. समोर जे घडतं ते फक्त बघायचं.

पुढे कळतं की अ‍ॅटलस म्हणजे फ्रँक फाँटेन नावाचा गुंड. शहर बळकावण्यासाठी त्यानं जॅकला शस्त्रासारखं वापरलं.

ट्विस्ट सिनेमातही असतात. पण सिनेमात फसतो तो नायक. इथे रेडिओ उचलणारा, पहार शोधणारा, रायनपर्यंत पोचणारा हात खेळाडूचा होता. फर्स्ट पर्सन शूटरमध्ये नायकाचा चेहराही दिसत नाही, दिसतात फक्त हात. त्यामुळे ‘जॅक फसला’ असं म्हणून सुटका होत नाही.

मग खेळाडूच्या हातात काहीच नव्हतं?

एक गोष्ट होती. शहरात ‘लिटल सिस्टर’ नावाच्या छोट्या मुली असतात. प्रेतांमधून अ‍ॅडम गोळा करायला त्यांना जुंपलेलं असतं आणि पाणबुड्याच्या अवजड पोशाखातला ‘बिग डॅडी’ त्यांची राखण करतो. तो पडला की निर्णय खेळाडूचा. मुलीला मारलं तर १६० अ‍ॅडम, वाचवलं तर ८०.

ऐकायला मोठा नैतिक पेच वाटतो. पण हिशोब करा. तीन मुली मारल्या तर ४८०. तीन वाचवल्या तर २४०, आणि वर बक्षीस म्हणून २०० मिळतात, म्हणजे ४४०. फरक फक्त ४० चा! शिवाय बक्षिसात अशा शक्ती मिळतात ज्या एरवी मिळत नाहीत. चांगुलपणा जवळजवळ फुकटात पडतो.

शेवट मात्र यावरच ठरतो. मुलींना वाचवलं तर त्या मोठ्या होतात आणि म्हाताऱ्या जॅकच्या मरणाच्या वेळी त्याचा हात धरून बसतात. मारलं तर जॅकच रॅप्चरचा नवा हुकूमशहा होतो.

टीका कुठे झाली?

ऑक्टोबर २००७ मध्ये गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी या गेमवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की मुलींच्या बाबतीत गेम स्वार्थाची मुभा देतो, पण अ‍ॅटलसला मदत करायची की नाही हे ठरवूच देत नाही. खेळण्याचे नियम एक सांगतात, गोष्ट दुसरंच सांगते. या विसंगतीला त्यांनी ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ म्हटलं. आज गेमवरच्या कुठल्याही गंभीर चर्चेत हा शब्द येतोच.

आणखी एक गंमत. अ‍ॅटलसचं पितळ उघडं पडल्यावर जॅकच्या डोक्यातला हुकूम काढला जातो. म्हणजे आता तो मोकळा? नाही. रेडिओवर टेनेनबॉम नावाची शास्त्रज्ञ येते आणि पुढे कुठे जायचं ते सांगते. खेळाडू परत ऐकतो. यावेळी जादूचे शब्द नाहीत, तरीही ऐकतो. कारण न ऐकता करायचं काय? गेम बंद करणं, एवढाच मार्ग उरतो.

म्हणून अनेक जण बायोशॉक संपल्यावर लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पहिल्याच दृश्यात, विमानात, जॅकच्या हातात आईवडिलांकडून आलेली एक भेट असते. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की अमुक अक्षांश-रेखांशाला पोचेपर्यंत ही उघडू नकोस. आत पिस्तूल असतं. ते विमान जॅकनंच पाडलेलं असतं.

आणि त्या चिठ्ठीत तेच तीन शब्द असतात. पहिल्या वेळी त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.