देणगी कोणाची, ठेका कोणाचा?

काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या बाजूस निघाले म्हणजे फाउंटन हॉटेलचा नाका लागतो. या नाक्यापासून गायमुखापर्यंत बोगदा आणि घोडबंदर ते भाईंदर उन्नत रस्ता, अशी सुमारे १४,००० कोटी रुपयांची कामे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काढली होती. निविदांत मेघा इंजिनीअरिंग ही हैदराबादची कंपनी सर्वांत कमी दराची ठरली. लार्सन अँड टुब्रो तांत्रिक छाननीतच बाद झाली. तिचे म्हणणे असे की, आपला देकार सुमारे ३,१०० कोटींनी कमी होता. उच्च न्यायालयाने तिची दाद घेतली नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारताच मे २०२५ च्या अखेरीस प्राधिकरणाने निविदाच रद्द केल्या.

याच मेघा कंपनीने एप्रिल २०१९ पासून ९६६ कोटींचे निवडणूक रोखे घेतले होते. पैकी १४० कोटींचे एप्रिल २०२३ मधील. आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे सुमारे १४,४०० कोटींचे काम तिजकडे आले. देणगीमुळे ठेका मिळाला असे कोणत्याही न्यायालयाने ठरविलेले नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. तिचे रोखे एकाच पक्षास गेले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे. दोन्ही गोष्टी घडत असता त्या शेजारी ठेवून पाहण्याची सोयच रयतेस नव्हती.

महसूल खात्यात आमची उमेद गेली. सोसायटीचे पीककर्ज कितीही लहान असो, त्याचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत चढतो, आणि तो गावच्या कोणासही वाचता येतो. जमीन हस्तांतरित झाली की फेरफार धरावा, नोटीस चावडीवर लावावी, हरकतीस पंधरा दिवस द्यावेत, हा परिपाठ. एखाद्या नोंदीत हे चुकले तर आम्हां कारकुनांस जाब द्यावा लागे. (आम्हांसही एकदा द्यावा लागला.) उलटपक्षी, २०१७ साली कंपन्यांच्या देणगीवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली, व २०१८ साली निघालेल्या रोख्यांवर देणाराचे नावच नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली, तेव्हा नावे बाहेर आली. भारतीय जनता पक्षास सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल व काँग्रेस यांस प्रत्येकी चौदाशे कोटींहून अधिक!

हे भय नवे नव्हे. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने पक्षांस देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल मागितला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली. परंतु हा पैसा लोकशाहीचा गळा आवळील, असा इशारा देऊन संसदेने लक्ष घालावे असे सुचविले. १९६९ साली बंदी आली, १९८५ साली ती उठली.

आजही वीस हजारांवरील देणगीदारांची नावे पक्षांस निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात. वीस हजारांखालची नाहीत. ही यादी आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. मात्र ती वर्ष सरल्यावर काही महिन्यांनी येते, आणि तोवर ठेक्यांवर सह्या होऊन रस्त्याची आखणी आपल्या बांधापर्यंत आलेली असते.