पाटीच्या आधी आजीची मांडी

विजयादशमीला कुंभकोणमच्या आसपासची कितीतरी कुटुंबं तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन कूत्तनूरच्या सरस्वतीला जातात. ताटात तांदूळ पसरलेले असतात, मुलाचं बोट मोठ्या माणसाच्या मुठीत असतं आणि त्या बोटानं पहिलं अक्षर उमटतं. आपल्याकडच्या दसऱ्याच्या पाटीपूजनाचंच हे भावंड. विधी सुंदर आहे. मात्र मुलाची अक्षरांशी ओळख त्याच दिवशी सुरू झाली असं आपण धरून चालतो आणि दुसऱ्या दिवसापासून हातात पेन्सिल देतो. बाकीचे गैरसमज इथूनच निघतात.

गैरसमज: लवकर गिरवायला बसवलं की मूल पुढे जातं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलात त्यांतली बरीचशी अजून कूर्चेच्याच रूपात असतात. त्या हातानं दुरेघी वहीत ओळीत अक्षरं काढायची म्हणजे मुलाला शिक्षाच. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता.

याचा अर्थ सात वर्षं हातावर हात ठेवून बसायचं, असा मुळीच नाही. त्याच देशातल्या मरी क्ले यांनी 1960च्या दशकात दाखवून दिलं, की औपचारिक वाचनाच्या बऱ्याच आधीपासून मूल साक्षर होत असतं. पुस्तक सुलटं कसं धरायचं, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, गोष्ट चित्रात नाही तर त्या काळ्या खुणांमध्ये आहे, हे त्याला हळूहळू उमगत जातं. याला उमलती साक्षरता म्हणतात. तिचा मोठा भाग कानांचा आहे. 'आईचा आ, आंब्याचा आ', बडबडगीतं, भेंड्या, थोड्या मोठ्या मुलांची 'च'ची भाषा या सगळ्यांत मूल शब्द फोडून त्यातले आवाज सुटे करत असतं. पुढे अक्षर शिकताना नेमकी हीच जाण लागते.

गैरसमज: घरी मराठी, बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी, मुलाचा गोंधळ होतो, म्हणून घरची भाषा सोडावी.

कावेरीकाठच्या तंजावरी मराठी घरांसाठी हा प्रश्न आजचा आहे. तंजावरचे पहिले मराठा राजे एकोजी यांच्या काळापासून, म्हणजे जवळपास साडेतीनशे वर्षं, या पट्ट्यात मराठी बोलली जाते. 1855मध्ये मराठ्यांचं तंजावरचं राज्य गेलं तरी भाषा घरात टिकली. आता अनेकांना देवनागरी येत नाही. मराठी लिहायची वेळ आली तर ते तमिळ अक्षरांत लिहितात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना एकच अक्षर. म्हणजे 'खडा' आणि 'घडा' कागदावर हुबेहूब सारखे! पण घरात मराठी ऐकत वाढलेल्या मुलाचा कान त्यांत कधी चुकत नाही. ही मुलाची कमाई आहे आणि आईबापांनीच तिला अडथळा मानावं, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं एकाच वाक्यात भाषा मिसळतात, पण तो बिघाड नव्हे. बहुभाषक घर हे बोलण्यातल्या दोषाचं कारण ठरत नाही. एका भाषेत आलेली गोष्टीची समज आणि आवाजांची जाण दुसऱ्या भाषेत कामी येते.

याच मुलखात, कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवर, तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांनी 1805मध्ये देवनागरी छापखाना काढला. तिथून 1806मध्ये 'बालबोध मुक्तावली' निघालं. हे इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत मुलांसाठीचं पुस्तक आहे, आणि ते पुण्या-मुंबईत छापलेलं नाही.

गैरसमज: आजीला लिहिता-वाचता येत नाही, ती काय शिकवणार?

2018मध्ये अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडतात, यापेक्षा त्याच्याशी किती वेळा देवाणघेवाणीचं बोलणं होतं, याचा मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जास्त संबंध दिसला. मूल काही म्हणतं, मोठं माणूस उत्तर देतं, मूल पुन्हा विचारतं. दारात कोलमची रांगोळी काढताना ठिपके मोजत नातीशी बोलणारी आजी हेच करत असते. चित्रांचं पुस्तक तिच्या हाती दिलं तर ती चित्रांवरून गोष्ट सांगेल, तिच्या मराठीत, आणि तेवढं पुरेसं आहे.

गैरसमज: मोबाइलवरची गाणी, अक्षरांचे ॲप हेही तेच काम करतात.

करत नाहीत, निदान तान्ह्यांसाठी तरी नाही. 2003मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावरून ऐकलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये सांगितलं, की वर्षाआतल्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको.

शेवटी पालकांची एक नेहमीची तक्रार: मूल रोज तीच गोष्ट मागतं, नवं पुस्तक उघडू देत नाही. मागू द्या. विसाव्या वेळी त्याला पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो, तुम्ही एखादं वाक्य गाळलंत तर ते अडवतं. मग एक दिवस ते पुस्तक ओढून घेतं आणि बोट फिरवत, पाठ झालेली गोष्ट मोठ्यानं 'वाचतं'. अक्षर एकही येत नसतं, तरी पान मात्र बरोबर जागी उलटतं.