शब्बाथ आणि आपला रविवार



रविवार म्हणजे सुट्टी, हे समीकरण आपल्या अंगवळणी इतके पडले आहे की, ही सुट्टी कशासाठी, हा प्रश्न मनास शिवतही नाही. आपले हे शहर औरंगाबाद ह्या नावाने निजामाच्या राज्यात मोडत होते, तेव्हा सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद असत. तात्पर्य, सुट्टीचा वार राज्याबरोबर बदलू शकतो. विसाव्याचे मर्म मात्र वाराहून खोल आहे.

'शब्बाथ' ह्या इब्री शब्दाचा अर्थ थांबणे असा आहे. ह्या आज्ञेची दोन कारणे पवित्र शास्त्र देते. निर्गमाच्या २० व्या अध्यायात, देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण आहे. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात मात्र इस्राएल लोकांस मिसर देशातील दास्यातून सोडविले, ह्याचे स्मरण दिले आहे. दासास स्वतःचा असा दिवस नसतो. जो थांबू शकतो तोच मोकळा. म्हणूनच ही आज्ञा घरधन्यापुरती नाही. दास, दासी, परका, इतकेच नव्हे तर बैल व गाढव ह्यांसही तीत वाटा आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास हे निराळे समजावून सांगणे नको.

महाराष्ट्रात शब्बाथाचे एक जुने उदाहरण कोकणात आहे. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत; परंतु शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यावरून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांची ओळख त्यांच्या धंद्याइतकीच त्यांच्या विसाव्यावरून झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ख्रिस्ती मंडळीने आठवड्याचा पहिला दिवस धरला, तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. पुढे इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईन ह्याने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला. काही ख्रिस्ती मंडळ्या आजही शनिवारच पाळतात. प्रभू येशूने शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे केले आणि हा दिवस मनुष्याच्या हितासाठी आहे, असे शिकविले. म्हणून रविवारी इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका आज्ञा मोडते, असे कोणी समजू नये. तिला दुसऱ्या वारी विसावा मिळतो की नाही, हे पाहणे मात्र आपले कर्तव्य होय.

मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवार सहज मिळाला नाही. महात्मा फुले ह्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी त्यासाठी अनेक वर्षे झटून अर्ज व सभा केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांचे म्हणणे असे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. तथापि कष्टकऱ्यास विसावा मिळावा, हा आज्ञेचा गाभा त्यांच्या हातून आचरणात आला.

आता आपल्या घराकडे पाहू. उपासनेहून परतल्यावर आपण स्वस्थ बसतो. त्याच वेळी आई चुलीपाशी इतर दिवसांहून अधिक राबते. मुलास सहा दिवस शाळा आणि सातव्या दिवशी शिकवणी. मोलकरणीस तर वारच नाही. दुसऱ्याच्या श्रमावर घेतलेला विसावा हा शब्बाथ नव्हे.

तेव्हा पालकहो, रविवारचे काही तास तरी मुलांस अभ्यासातून मोकळे ठेवा व मोलकरणीस तिचा दिवस, पगार न कापता, द्या. आणि मुलांनो, येत्या रविवारी जेवणानंतरची भांडी तुम्ही घासा. आई घटकाभर स्वस्थ बसली, म्हणजे ह्या आज्ञेचा अर्थ तुम्हांस कोणत्याही प्रवचनाहून अधिक स्पष्ट कळेल.