कन्सोल आणि ऑनलाइन खेळाडूंमधील अभिरुचीभेद

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमध्ये स्थूलमानाने दोन परंपरा आढळतात. दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या कन्सोलवर एकट्याने किंवा घरातील सोबत्यांबरोबर खेळणाऱ्यांची एक, आणि इंटरनेटच्या माध्यमातून दूरच्या, बहुधा अनोळखी खेळाडूंसह खेळणाऱ्यांची दुसरी. खेळाकडून असलेली अपेक्षा, त्यासाठी वेळ व पैसा खर्च करण्याची पद्धत आणि 'चांगला खेळ' ठरवण्याचे निकष या बाबतींत या दोन परंपरांत जो फरक दिसतो, त्याला कन्सोल आणि ऑनलाइन खेळाडूंमधील अभिरुचीभेद म्हणता येईल. या भेदाचे मूळ यंत्रात कमी आणि खेळाच्या रचनेत अधिक आहे. पहिल्या परंपरेत खेळ ही अनुभवून पूर्ण करावयाची कलाकृती असते. दुसऱ्या परंपरेत तो पुन्हा पुन्हा जाण्याचे ठिकाण असतो. कोणत्या प्रकारचे खेळ तयार होतात आणि काही दशकांनंतर त्यांपैकी कोणते खेळता येतात, यावरही या भेदाचा परिणाम होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मॅग्नावॉक्स कंपनीने १९७२ साली विक्रीस आणलेला 'ओडिसी' हा पहिला घरगुती कन्सोल मानला जातो. त्यामागील मूळ संकल्पना अभियंते राल्फ बेअर यांची होती. निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम' १९८३ मध्ये जपानमध्ये आला. त्यावरील 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) आणि 'द लेजंड ऑफ झेल्डा' (१९८६) या खेळांनी कन्सोलवरील खेळाचा साचा घडवला. 'झेल्डा'मध्ये खेळाची प्रगती साठवून ठेवता येत असल्याने अनेक दिवस चालणारा, निश्चित शेवट असलेला प्रवास घरबसल्या शक्य झाला. सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन'ने (१९९४) सीडीचा वापर केल्यामुळे चित्रफिती व दीर्घ कथानक यांना जागा मिळाली. १९९७ चा 'फायनल फँटसी ७' हा खेळ तीन सीडींमध्ये सामावला होता.

ऑनलाइन परंपरा संगणकावर वाढली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून विकसित केलेला 'मड' हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ होता. त्यात एकाच काल्पनिक जगात अनेक जण एकाच वेळी वावरू शकत. १९९३ च्या 'डूम'ने संगणकांच्या जाळ्यावरील परस्परांविरुद्धची झुंज लोकप्रिय केली. 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'लिनिएज' (१९९८) आणि 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) यांनी हजारो खेळाडूंची कायम सुरू राहणारी जगे उभारली. दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट' (१९९८) हा खेळ 'पीसी बांग' नावाच्या संगणक केंद्रांमधून पसरला आणि तेथे व्यावसायिक स्पर्धांची परंपरा रुजली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या खेळाची वर्गणीदारसंख्या २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोहोचली.

दोन्ही प्रवाह एकत्र आणण्याचा ठळक प्रयत्न मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स लाइव्ह' (२००२) या सेवेने केला. २००४ च्या 'हेलो २' नंतर कन्सोलवरही ऑनलाइन सामने खेळणारा मोठा वर्ग निर्माण झाला. त्यामुळे 'कन्सोल खेळाडू' आणि 'ऑनलाइन खेळाडू' या संज्ञा आज यंत्रापेक्षा खेळण्याच्या रीतीकडे अधिक निर्देश करतात.

अभिरुचीतील प्रमुख फरक

शेवट आणि सातत्य

कथाप्रधान खेळात शेवटाला महत्त्व असते. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) सारखा खेळ साधारण १५ तासांत पूर्ण होतो आणि त्याचा परिणाम बराचसा पुढे काय घडणार हे माहीत नसण्यावर अवलंबून असतो. अशा खेळाचा रसिक कथानक आधीच उघड होऊ नये याची काळजी घेतो. याउलट 'काउंटर-स्ट्राइक' या खेळातील 'डस्ट २' हा नकाशा २००१ पासून खेळला जात आहे. त्यातील प्रत्येक दरवाजा व कोपरा नियमित खेळाडूंना पाठ असतो, आणि ओळखीमुळे त्याची गोडी कमी न होता वाढते. पहिल्या प्रकारची तुलना कादंबरीशी, तर दुसऱ्याची बुद्धिबळाच्या पटाशी करता येईल. पटावरील ६४ घरे बदलत नाहीत. बदलतो तो समोरचा खेळाडू.

आव्हान आणि पराभव

एकट्याच्या खेळातील शत्रू रचनाकाराने ठरवलेल्या नियमांनुसार वागतात. 'डार्क सोल्स' (२०११) सारख्या कठीण खेळातही शत्रूच्या हालचालींचा क्रम ओळखून अखेर विजय मिळवता येतो. प्रयत्न केल्यास यश मिळेल, असा जणू अलिखित करारच रचनाकार आणि खेळाडू यांच्यात असतो.

ऑनलाइन स्पर्धात्मक खेळात असा करार नसतो. बहुतेक खेळ प्रत्येक खेळाडूचे कौशल्य अंकांत मोजतात आणि समान पातळीच्या खेळाडूंची गाठ घालून देतात. बुद्धिबळासाठी आर्पाड एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धत हा या प्रणालींचा पाया आहे. एक्सबॉक्सवरील 'ट्रूस्किल' ही त्याच धर्तीची पद्धत होय. जोड्या अचूक लागल्या, तर दोन संघांच्या सामन्यांपैकी खेळाडू दीर्घकाळात साधारण निम्मे हरतो. कौशल्य वाढले की प्रतिस्पर्धीही अधिक बलवान मिळतात, म्हणून प्रगतीनंतरही पराभवांचे प्रमाण फारसे घटत नाही. कथाप्रधान खेळाच्या रसिकाला ही स्थिती वैफल्यकारक वाटू शकते, तर ऑनलाइन खेळाडूला संगणकाने चालवलेला शत्रू लवकरच ठरावीक साच्याचा वाटू लागतो.

समतोल

एकट्याच्या खेळात प्रमाणाबाहेर शक्तिशाली तलवार हाती लागणे हे बक्षीस असते. तीच तलवार ऑनलाइन खेळात एका खेळाडूला मिळाली, तर इतरांच्या दृष्टीने तो अन्याय ठरतो. म्हणून ऑनलाइन खेळांत पात्रे व शस्त्रे यांच्या बळात सतत फेरफार केले जातात. 'लीग ऑफ लेजंड्स' (२००९) या खेळात असे बदल साधारणतः दर दोन आठवड्यांनी होतात आणि खेळाडू त्यांच्या याद्या बारकाईने वाचतात.

दृश्ये आणि वेग

कथाप्रधान खेळांत तपशीलवार दृश्यांसाठी वेग काहीसा कमी ठेवला जातो. 'रेड डेड रिडेम्पशन २' (२०१८) तत्कालीन कन्सोलवर सेकंदाला ३० चित्रचौकटी दाखवत असे. स्पर्धात्मक खेळाडू मात्र सेकंदाला ६०, १२० किंवा त्याहून अधिक चौकटींचा आग्रह धरतात आणि त्यासाठी सावल्या, गवत, प्रकाशछटा असे दृश्यतपशील स्वतःहून कमी करतात. गवत कमी झाले की त्यात लपलेला प्रतिस्पर्धी लवकर दिसतो, हाही त्यामागील एक हेतू असतो.

ऑनलाइन खेळात संदेशवहनातील विलंबही महत्त्वाचा ठरतो. प्रकाशीय तंतूतून संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर अंदाजे ३,९०० किलोमीटर असल्याने संकेताला तेथे जाऊन परत येण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात केबलचा वळणाचा मार्ग व मधली उपकरणे यांमुळे हा काळ वाढतो. सेकंदाला ६० चौकटींच्या खेळात एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. म्हणजेच सर्वोत्तम परिस्थितीतही हा विलंब दोन चौकटींहून अधिक भरतो. सर्व्हर आपल्या देशात असावा, ही ऑनलाइन खेळाडूंची मागणी यातूनच येते. एकट्याच्या खेळात हा प्रश्न उद्भवत नाही.

सोबत आणि वेळ

कन्सोलवरील खेळ नेहमीच एकाकी नव्हता. 'गोल्डनआय ००७' (१९९७) मध्ये एकाच पडद्याचे चार भाग करून चौघांना खेळता येई. तेथील सोबती शेजारी बसलेले भाऊ-बहीण किंवा मित्र असत. ऑनलाइन खेळातील सोबत दूरची, परंतु व्यापक असते. 'गिल्ड' किंवा 'क्लॅन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटांत वर्षानुवर्षांची मैत्री जुळते. अनामिकतेमुळे शिवीगाळ व छळ यांचे प्रकारही घडतात.

आणखी एक व्यावहारिक फरक म्हणजे खेळ मध्येच थांबवण्याची सोय. एकट्याचा खेळ बटण दाबून थांबवता येतो. ऑनलाइन सामना इतरांसाठीही चालू असतो. तो सोडल्यास संघाचे नुकसान होते आणि अनेक खेळांत शिक्षाही होते. जेवायला हाक मारली असता मूल जागेवरून न उठण्यामागे केवळ हट्ट नसून सहकाऱ्यांविषयीची बांधिलकीही असू शकते.

खर्च

कन्सोल परंपरेत खेळ एकदाच पूर्ण किंमत देऊन विकत घेतला जातो. अनेक ऑनलाइन खेळ विनामूल्य असतात आणि उत्पन्न पोशाख, शस्त्रांचे रंग, हंगामी 'बॅटल पास' यांतून मिळवतात. सजावटीच्या वस्तूंना किंमत येते ती इतरांच्या नजरेमुळे. एकट्याने खेळणाऱ्याला त्यांचे फारसे आकर्षण नसते. पैसे देऊन उघडावयाच्या, आत काय आहे हे आधी न कळणाऱ्या 'लूट बॉक्स'वर जुगारसदृश असल्याची टीका झाली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील असे बॉक्स तेथील कायद्याचा भंग करतात, असा निष्कर्ष काढला.

संशोधन

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये 'मड' प्रकारच्या खेळांतील खेळाडूंचे चार गट सांगितले: उद्दिष्टे गाठणारे, शोध घेणारे, सहवास शोधणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. यातील पहिले दोन गट खेळाच्या जगाकडे, तर उरलेले दोन इतर खेळाडूंकडे वळलेले असतात. कन्सोल आणि ऑनलाइन परंपरांतील भेद समजण्यास ही विभागणी उपयुक्त ठरते. निक यी यांनी २००६ मध्ये ऑनलाइन खेळाडूंच्या प्रेरणांची यश, सामाजिकता आणि तल्लीनता अशी त्रिविध मांडणी केली. त्याच वर्षी रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी व अँड्रू प्रझिबिल्स्की यांनी स्वायत्तता, सक्षमता व आपुलकीचे नाते या मानसिक गरजांच्या आधारे खेळांच्या आकर्षणाचा अभ्यास केला. यी यांच्या मांडणीनुसार एका प्रेरणेचे प्राबल्य असले, तरी इतर प्रेरणा नसतात असे नाही. एकच व्यक्ती आठवडाभर मित्रांसह सामने खेळून रविवारी एकट्याने कथाप्रधान खेळ खेळू शकते.

पुसट होणाऱ्या सीमा

काही खेळांनी दोन्ही अभिरुचींचा मेळ घातला आहे. 'डार्क सोल्स'मध्ये एकट्याच्या प्रवासात अनोळखी खेळाडूंनी जमिनीवर लिहिलेले इशारे दिसतात. 'जर्नी' (२०१२) मध्ये वाटेत दुसरा खेळाडू भेटतो, पण त्याचे नाव कळत नाही आणि त्याच्याशी शब्दांतून बोलता येत नाही. 'फोर्टनाइट'मुळे २०१८ मध्ये सोनीने आपल्या कन्सोलवरील खेळाडूंना इतर कन्सोलवरील खेळाडूंबरोबर खेळू दिले. असे एकत्रीकरण झाल्यावर माऊस व कंट्रोलर यांतील फरक वादाचा विषय ठरला. कंट्रोलर वापरणाऱ्यांना नेम धरण्यास मिळणारी संगणकीय मदत काहींना न्याय्य, तर काहींना अवाजवी वाटते.

मेळ घालण्याचा प्रत्येक प्रयत्न स्वीकारला गेला नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये 'एक्सबॉक्स वन' कन्सोल २४ तासांतून एकदा इंटरनेटशी जोडण्याची अट जाहीर केली होती. खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर, विक्री सुरू होण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या जून महिन्यात ती मागे घेण्यात आली.

भारतातील स्थिती

भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला शहरी घरांत पोहोचल्या. त्यांची काडतुसे 'कॅसेट' या नावाने ओळखली जात आणि मित्रांमध्ये अदलाबदलीने वापरली जात. २००० च्या दशकात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील सायबर कॅफेंमध्ये 'काउंटर-स्ट्राइक'चे सामने रंगत. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाल्याने कन्सोल किंवा संगणक न वापरलेला मोठा वर्ग थेट मोबाइलवरील ऑनलाइन खेळांकडे वळला. 'पबजी मोबाइल' (२०१८) हे त्याचे ठळक उदाहरण होय. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने त्याची भारतीय आवृत्ती आली. कॅसेटवर वाढलेली पिढी आणि मोबाइलवर वाढलेली पिढी 'गेम' हा एकच शब्द वापरत असली, तरी दोघांच्या मनातील चित्र बरेचदा वेगळे असते.

जतनाचा प्रश्न

अभिरुचीतील या भेदाचा दूरगामी परिणाम खेळांच्या जतनावर होतो. जुनी कॅसेट व यंत्र चालू स्थितीत असल्यास १९८५ चा खेळ आजही खेळता येतो. ऑनलाइन खेळाचे अस्तित्व मात्र सर्व्हरवर अवलंबून असते. 'सिटी ऑफ हिरोज' हा खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये अधिकृतपणे बंद झाला. 'द क्रू' (२०१४) या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर २०२४ मध्ये बंद झाल्यावर पैसे देऊन तो विकत घेतलेल्यांना एकट्यानेही तो खेळता येईनासा झाला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. तिच्याशी संबंधित युरोपीय नागरिक उपक्रमाला २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या.

कन्सोलवरील खेळही पूर्णतः सुरक्षित नाहीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विक्रीस उपलब्ध नाहीत. तरीही त्यांची प्रत संग्रहात जपता येते. ऑनलाइन खेळाची आज्ञावली जपली, तरी त्यातील माणसे जपता येत नाहीत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे जुने रूप २०१९ मध्ये 'क्लासिक' या नावाने पुन्हा उपलब्ध झाले, तेव्हा डोंगर, गावे आणि नियम बहुतांशी पूर्वीप्रमाणेच होते. मात्र त्या जगात प्रथमच शिरणाऱ्या खेळाडूंचा एकत्रित अनननुभव पुन्हा निर्माण करणे शक्य नव्हते.