विरोधी बाकांवरील खासदार : संरक्षण, सीमा आणि आरोग्य (लेखांक सहावा)

बीड लोकसभा मतदारसंघातून १९६७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, २००९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे गोपीनाथ मुंडे आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षाचे बजरंग सोनवणे असे तीन वेगळ्या विचारांचे खासदार निवडून आले, आणि तिघांनाही विरोधी बाकांवर बसावे लागले. अशा खासदाराच्या हाती निर्णय नसतो; सरकारला उत्तर द्यायला लावण्याची साधने मात्र असतात, आणि कोणते साधन लागू पडेल हे विषयावर अवलंबून असते.

संरक्षण हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा, म्हणजे केवळ केंद्राच्या अखत्यारीतील विषय असल्याने जबाबदारी कोणाची याबद्दल शंका उरत नाही. परंतु मंत्री लोकहिताचे कारण देऊन माहिती नाकारू शकतात, त्यामुळे तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा व पूरक प्रश्नांना वाव देणारा प्रश्न, येथे लवकरच तोकडा पडतो. म्हणून अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्यांना महत्त्व येते. धोरणच अमान्य असल्यास मागणी एक रुपयावर आणावी आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असल्यास ती शंभर रुपयांनी कमी करावी, अशी कपात सूचना सदस्य देऊ शकतो; बहुमताअभावी ती फेटाळली जाते, पण चर्चेला आल्यास मंत्र्याला आपल्या धोरणाचे समर्थन करावे लागते. अनेक मागण्या वेळेअभावी अखेरच्या दिवशी चर्चेविना मंजूर होतात, म्हणूनच १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या त्यांची छाननी करतात आणि तेथे विरोधी सदस्य थेट सचिवांना प्रश्न विचारू शकतात.

सीमेच्या बाबतीत आधार संविधानाचाच मिळतो. पाकिस्तानला भूभाग देण्यासंबंधीच्या बेरुबाडी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असे मत दिले की, भारताचा भूप्रदेश परक्या राष्ट्राला द्यायचा असेल तर संविधानदुरुस्ती आवश्यक आहे, म्हणजेच संसदेला वगळून सरकारला तसे करता येत नाही. भारत-पाकिस्तान सीमेविषयीच्या १९६८ च्या कच्छ लवादानंतर विरोधी खासदार मधू लिमये यांच्यासह काहींनी याच तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली. मात्र वादग्रस्त सीमारेषा निश्चित करणे म्हणजे भूप्रदेश देणे नव्हे, असा भेद करून न्यायालयाने १९६९ मध्ये याचिका फेटाळल्या.

आरोग्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत मोडते आणि 'हा विषय राज्याचा' एवढ्या उत्तरावर केंद्राला मोकळे होता येते. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती सरकारने २०१९ मध्ये दिली ती विधान परिषदेत, आणि ऊसतोड मजूर स्त्रियांचा हा प्रश्न मुख्यतः राज्याच्या पातळीवरच हाताळला गेला. याउलट, २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या, त्याचा जाब संसदेत विचारता येतो, कारण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा संसदेने केलेला आहे.

विरोधी खासदाराच्या कामाचे मोजमाप म्हणूनच प्रश्नांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरते. ज्या उत्तरातून सरकारला निसटता येणार नाही, ते मिळवण्यासाठी त्याने योग्य साधन निवडले की नाही, हे पाहावे लागते. खासगी विधेयकाचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.