विश्रामबाग वाडा: पेशवे गेल्यानंतरची दोनशे वर्षे

तुळशीबागेत खरेदीला निघालेली गर्दी थोरले बाजीराव रस्त्यावर ज्या लाकडी सज्जाखालून रोज जाते, तो सज्जा विश्रामबाग वाड्याचा. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, केळफुलांची नक्षी आणि आत एकामागून एक चौक. शनिवारवाडा आगीत गेला, त्यामुळे पेशवाईतले लाकूडकाम पाहायचे तर पुण्यात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास राहण्यासाठी हा वाडा बांधवला. मनसाराम लक्ष्मण आणि दाजी सुतार यांची नावे कारागीर म्हणून सांगितली जातात. खर्च दोन लाख रुपयांचा. एवढ्या हौसेने बांधलेल्या वाड्यात पेशव्यांना जेमतेम दहा-अकरा वर्षे मिळाली. 1818 मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याची रवानगी ब्रह्मावर्ताला झाली.

वाड्याची खरी कहाणी इथून पुढची आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्याच निधीतला काही भाग वळवून इंग्रजांनी 1821 मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. कृष्णशास्त्री चिपळूणकर तिचेच विद्यार्थी. पुढे तिला इंग्रजी शाळा जोडली गेली आणि तिचे पूना कॉलेज झाले. बुद्धचरित्रावरच्या इंग्रजी काव्यामुळे पुढे जगभर गाजलेले एडविन आर्नल्ड सत्तावन्नच्या उठावाच्या सुमारास त्याचे प्राचार्य म्हणून पुण्यात आले. येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेलेले आजचे डेक्कन कॉलेज ते हेच.

मे 1879 मध्ये पेशव्यांचाच बुधवारवाडा आणि विश्रामबाग एकाच वेळी पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांचे इंग्रजांविरुद्धचे बंड तेव्हा ताजे असल्याने संशय त्यांच्या माणसांवर गेला; गुन्हा मात्र सरकारी ग्रंथभांडारातल्या रानडे नावाच्या कर्मचाऱ्याचा निघाला. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागेचा जळलेला भाग मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभा राहिला.

विसाव्या शतकात तीच नगरपालिका इथे मुक्कामाला आली. राजवाड्याच्या दालनांत अर्ज, पावत्या आणि कारकुनांच्या फायली आल्या. पुढे टपाल कार्यालयही वाड्यात होते, आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही भरले.

पाठशाळा आणि कचेऱ्या आल्या, माणसांचा राबता राहिला, म्हणूनच हा वाडा टिकला. डागडुजी करून त्याला कुलूप लावणे हे जतन नव्हे. इथे व्याख्याने, प्रदर्शने, शाळेच्या सहली नेमाने व्हायला हव्यात, आणि पुणेकरांनीही खरेदीच्या पिशव्या घेऊन का होईना, आत जाऊन वाडा पाहावा.