पहिले पुस्तक निवडताना

'धाड, जिल्हा बुलढाणा' हा पत्ता पहिलीतल्या मुलापुढे ठेवून पाहा. काना ओळखणारे मूल 'धाड' वाचेल, 'जिल्हा'पाशी अडेल. अक्षरे दोनच, पण वेलांटी 'ज'च्या आधी लिहायची, उच्चारायची नंतर. शिवाय 'ल' अर्धा. 'पूर्व'मधला रफार 'व'वर बसतो, उच्चारला जातो त्याच्या आधी. उलट 'गवत' तीन अक्षरी असूनही सोपा. म्हणजे शब्दाची लांबी हे काठिण्याचे माप नव्हे.

मग वेलांट्या, जोडाक्षरे टाळावीत का? तसे केल्यास 'आणि'सारखा रोजचा शब्दही गाळावा लागतो आणि वाक्ये निर्जीव होतात. त्यापेक्षा मोजकेच कठीण शब्द असावेत, ते पुन्हा पुन्हा यावेत आणि चित्राने त्यांना आधार द्यावा. कापूस, तूर पाहिलेल्या मुलाला ते शब्द अंदाजानेही उलगडतात.

कार्यकारी स्मृती मर्यादित असते. ती अक्षरे जुळवण्यातच खर्ची पडली, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जाते. म्हणून मुलाकडून एक पान वाचून घ्या आणि त्यात काय घडले ते विचारा. सांगता आले, तर पुस्तक योग्य. नाही आले, तर तूर्त आपणच ते वाचून दाखवावे. अन्यथा 'मला वाचता येत नाही' असे मूल ठरवून टाकते. चुकलेली असते ती आपली निवड.